बयाबाईचं तूप आणि सरकारी नळी

बयाबाईला कायद्यानं बुडवलं, असं उत्तरेश्वर पेठेत अजून म्हणतात. अर्धी गोष्ट ठाऊक असली की माणूस असंच बोलतो. कायदा तिच्या दारात आपल्या पायानं आला नव्हता. तिनंच त्याला हाताला धरून आणलं, पाट मांडला, आधी माझ्याकडंच जेवा म्हणाली. आणि जेवून उठताना त्यानं तिच्याच अन्नात माती कालवली.

नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही, दावणीला चार म्हशी. एवढ्यावर ती बाई पेठेत ताठ मानेनं वागत होती. तोंडानं फटकळ. गिऱ्हाइकालाही सोडायची नाही. "शिळं लोणी मागायला आलासा व्हय? मग दुसरीकडं जावा की," असं सरळ सांगायची. तरी माणसं तिच्याच दारात यायची.

कोल्हापूरच्या माणसाला दूध डोळ्यांदेखत पिळलेलं लागतं. म्हैस समोर उभी, धार समोर, फेसाचा पेला हातात. मग विश्वासाचा प्रश्नच कुठं आला? पण तूप काही डोळ्यांदेखत होत नाही. दूध, विरजण, ताक, लोणी, कढवणं, सगळं दाराआड. तूप घ्यायचं म्हणजे माणूसच घ्यायचा. पेठेनं वीस-बावीस वर्षं बयाबाई घेतली होती. तिचं तूप रवाळ पडायचं, कणी हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि आषाढात ठेवलेलं दिवाळीला उघडलं तरी वास तोच.

त्याचं कारण तिच्या गाडग्यांत होतं. पितळेच्या भांड्यात तूप झटकन गार होतं आणि कणी धरत नाही. मातीत ते सावकाश निवतं. पण कोरं गाडगं तूप पितं. म्हणून बयाबाई कुंभाराकडून गाडगी आणली की त्यांना आतून तिळाचं तेल चोळायची, दिवसभर उन्हात ठेवायची, मग निखाऱ्यावर शेकायची. असं तीन वेळा. ही रीत तिच्या आईची. आई निपाणीकडची, तिला ती अव्वा म्हणायची. अव्वाचं म्हणणं, करडईचं तेल स्वस्त खरं, पण महिन्याभरात खवटतं आणि तुपाला नासवतं. तीळ खवटत नाही. इतर गवळणी करडईवर भागवायच्या. बयाबाई तिळाशिवाय हात लावायची नाही. चांगलं काम करायची खोड होती तिला. तीच नडली.

दुसरी मोठी लढाई संपली आणि गावात वनस्पती तुपाचे डबे येऊ लागले. कारखान्यात तेलातून कसला तरी वायू सोडतात आणि तेल थिजून पांढरं तूप होतं, एवढंच लोकांना कळलं. तेल थिजतं कसं, हे कुणी सांगितलं नाही. मग लोकांनी आपलं आपणच ठरवलं. ह्यानं डोळे जातात. केस गळतात. तिसऱ्या पिढीला पोर होत नाही. बयाबाई मंडईच्या तोंडाशी तुपाचं गाडगं घेऊन बसायची, आणि ह्या गप्पांना तिखटमीठ लावण्यात ती मागं नव्हती.

"तानाबाई, तुज्या नातवाला त्ये पांढरं काय बाय घालू नगंस हां," ती शेजारच्या भाजीवालीला सांगायची. "शिरोळला एकाची म्हैस आंधळी झाली म्हनं, नुसता डबा चाटून."

"म्हशीनं डबा चाटला?"

"मग काय मी चाटला?"

हसण्यावारी बोललेलं. पण भीती हसत हसत पेरली तरी उगवायची राहत नाही.

खरं भय वनस्पतीचं नव्हतं. भय होतं चोरून मिसळण्याचं. मोठे दुकानदार तुपात वनस्पती घालायचे आणि कुणाला कळायचं नाही. तेव्हा काही खटपट्या माणसांनी अर्ज काढला, वनस्पतीला रंग घाला, नाहीतर भेसळीला कायदा करा. अर्ज घेऊन ते पेठेत आले तेव्हा पहिला अंगठा बयाबाईचा. शाई जास्त लागली म्हणून तिनं बोट पदराला पुसलं, तो डाग ती पुढं कितीतरी दिवस दाखवत हिंडली.

छप्पन साली कायदा मंडईत उतरला. तरुण, चष्मेवाला, कोकणातला इन्स्पेक्टर. बरोबर एक शिपाई, पिशवीत बाटल्या आणि लाख. तो येतो म्हटल्यावर बाळासो वाण्याच्या दुकानाची फळी अर्धी खाली आली. बाळासो म्हणजे मंडईतला मोठा तूपवाला, पानानं तोंड लाल, जीभ गोड. 'सुतक हाय' म्हणून नोकरानं सांगितलं. इन्स्पेक्टर पुढं निघाला. बयाबाईवरून तर तो सरळ पुढंच चालला होता.

"ओ पावणं! हिकडं न बघताच चाललासा?"

"बाई, तुमच्याबद्दल काही तक्रार नाही."

"तक्रार न्हाय म्हणून तर घ्या की! ज्याची तक्रार हाय त्येला सुतक पडलंय, बघा जरा मागं वळून."

मंडई हसली. इन्स्पेक्टरही ओशाळून हसला. "उगाच कशाला बाई, रीतसर पंचनामा करावा लागतो, वेळ जातो..."

"जाऊ दे येळ. ह्यो कायदा माज्या अंगठ्यानं आलाय. पैला नमुना माजा. सगळ्या मंडईला कळू दे, चोख तुपाला भ्यायचं कारण नसतंय."

त्यानं तीन बाटल्या भरल्या. लाख लावली, शिक्के मारले. एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी, एक तिला. तिनं आपली बाटली घरी नेऊन देवाजवळ ठेवली. त्या दिवशी तिच्या दारात पन्नास-साठ माणसं येऊन गेली असतील. बाईनं सरकारला बोलावून तूप दिलं, म्हणून.

दोन महिन्यांनी शिपाई कागद घेऊन आला. बयाबाईला वाचता येत नव्हतं. ती तशीच उठून त्र्यंबक मास्तरांच्या घरी गेली. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांची बायको कालिंदी लग्न होऊन आली त्या दिवसापासून बयाबाईचंच तूप घ्यायची. तिच्या तिन्ही बाळंतपणांचे डिंकाचे लाडू त्याच तुपातले.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बयाबाई, हे म्हणतात की तुमच्या तुपात वनस्पती आहे."

"काय बोलतासा मास्तर!"

"मी नाही बोलत, कागद बोलतोय. तिळाच्या तेलाचा अंश सापडला, म्हणून वनस्पतीची भेसळ."

"तिळाचा आन् वनस्पतीचा काय संबंध?"

मग मास्तरांनी तिला सांगितलं. सरकारनं कारखानदारांना सक्ती केली होती, वनस्पतीत शंभराला पाच भाग तिळाचं तेल घातलंच पाहिजे. का? तर ती खूण. तिळाच्या तेलात आम्ल आणि साखर घालून काचेच्या नळीत हलवलं की लाल रंग उमटतो. शुद्ध तुपात उमटत नाही. म्हणजे तुपात कुणी चोरून वनस्पती मिसळली तर नळी लाल होऊन सांगते. "तशी युक्ती चांगली आहे," मास्तर म्हणाले. शास्त्रातल्या माणसाला युक्तीचं कौतुक आधी.

बयाबाई मांडीवर थाप मारून हसायलाच लागली.

"अहो, झालं काय?" कालिंदी घाबरून बाहेर आली.

"वैनी, घावला की चोर! गाडगी! आवो, गाडग्याला मी तिळाचंच त्याल चोळत्ये. गाडगं त्याल पितंय, मग जराजरा सोडत आसंल. त्येच त्या नळीला गावलं!"

मास्तरांचा चेहरा उजळला. हो, अगदी बरोबर. इतका सूक्ष्म अंशही नळी दाखवते. कालिंदीनं चहा टाकला. तिघंही हसले. देवाजवळची बाटली तपासायला पाठवायची का, असं बयाबाईनं विचारलं, तर मास्तर म्हणाले, नको, तीही त्याच गाडग्यातली, तिच्यातही तेच निघेल. त्यापेक्षा कचेरीत जा आणि जे आहे ते सांगा. खऱ्याला काय भ्यायचं?

मास्तर भला माणूस. पण वर्गात उत्तर बरोबर आलं की गुण मिळतात, तसं जगातही मिळतात अशी त्याची समजूत होती.

कचेरीत कारकुनानं टाक शाईत बुडवला.

"तिळाचं तेल वापरता?"

"व्हय की. पर गाडग्याला."

"गाडग्यात काय असतं?"

"तूप. दुसरं काय आसणार?"

"म्हणजे तुपाच्या गाडग्यात तेल घालता."

"घालत न्हाय, चोळत्ये. आवो, तीनदा चोळत्ये, उनात ठेवत्ये, निखाऱ्यावर..."

"तीनदा," कारकुनानं लिहिलं. मग वाचून दाखवलं. 'आरोपी आपल्या तुपाच्या धंद्यात तिळाचे तेल नेहमी, व तीन तीन वेळा, वापरीत असल्याचे स्वखुशीने कबूल करते.' शब्दाला शब्द खरा होता. खोटं काढून दाखवा म्हटलं तर एक अक्षर दाखवता आलं नसतं. बयाबाईनं अंगठा केला. तिला वाटलं, चला, सांगून झालं.

इन्स्पेक्टरनं तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाई, हे काय केलंत? गप्प बसायचं होतंत."

"गप का बसू? खरं हाय त्ये सांगितलं."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण माझ्या विश्वासाला ह्या फॉर्मात रकाना नाही."

"मग मी कोरं गाडगं घिऊन येत्ये. तुमच्या म्होरं तूप घालत्ये. एक तेलाचं, एक बिनतेलाचं. बघा तुमच्या डोळ्यानं."

"तशी तरतूद नाही."

तरतूद नाही. चोर पकडायला नळी आहे. चोर नसलेल्याला सोडवायला तरतूद नाही. ज्यानं हा कायदा लिहिला त्यानं आयुष्यात कधी गाडग्यातलं तूप खाल्लं नसणार, आणि ज्यांनी गाडग्यातलं तूप केलं त्यांना कायदा लिहिताना कुणी विचारलं नाही. एवढाच सगळा घोळ. बाकी कुणी वाईट नव्हतं.

बयाबाई तणतणत मास्तरांकडं आली. "कचेरीत तरतूद न्हाय तर नसंना. पेठंत हाय की! मास्तर, तुमच्या शाळंतली नळी आणा. पाराव बसू. मी दावत्ये सगळ्यास्नी."

मास्तर कचरले. लोकांना कळेल का, म्हणाले. "न कळायला काय, माणसं मूरख हाईत व्हय?" ती म्हणाली. पेठेवर तिचा एवढा भरवसा.

रविवारी सकाळी पारावर माणसं जमली. गवळी, भाजीवाल्या, तालमीतली पोरं, मास्तरांचे शेजारी. बाळासोही आला, धोतराचा सोगा हातात धरून, सुतक फिटलेल्या माणसासारखा. बयाबाईनं कालच्याच लोण्याचं एकाच कढईतलं तूप दोन भांड्यांत घातलेलं होतं. एक कल्हईच्या पितळी डब्यात, एक तेल पाजलेल्या गाडग्यात. हे तिनं तीनदा ओरडून सांगितलं. मास्तरांनी दोन नळ्या घेतल्या. पितळीतलं तूप, आम्ल, साखर. हलवलं. काही नाही. पांढरं ते पांढरं.

"बघा! चोख!" बयाबाई म्हणाली.

मग गाडग्यातलं. मास्तरांनी नळी हलवली, उन्हासमोर धरली. तळाला आधी गुलाबी, मग हळूहळू डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग चढला.

"बघितलासा?" तिनं दोन्ही हात वर केले. तिच्या लेखी ती जिंकली होती.

मग तानाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं आई गं, खरंच लाल झालं की गं."

"आगं हुणारच! त्येच तर दावत्ये मी. तूप येकच हाय, गाडग्याच्या तेलानं..."

"मावशी," बाळासो गोड आवाजात म्हणाला, "येक इचारू? पेठंला तू घालत हुतीस ते कुठल्या भांड्यातलं? ह्या पितळीतलं का त्या गाडग्यातलं?"

"गाडग्यातलंच की. पितळीत कणी धरत न्हाय."

"म्हंजे लालातलं."

बाळासो एवढंच बोलला. मास्तर पुढं होऊन समजावू लागले, की लाल रंग म्हणजे वनस्पती नव्हे, लाल रंग म्हणजे फक्त तीळ. तीळ कुठून आला हे नळी सांगत नाही. पण चाळीस पोरांच्या वर्गाला पुरणारा आवाज पाराला पुरला नाही. आणि सांगायचं तरी काय? लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांदेखत पाहिलेल्यावर तर कोल्हापूरचा जीव. म्हशीची धार पाहावी तसा त्यांनी लाल रंग पाहिला आणि घरी गेले.

कोर्टात वकील म्हणाला, कबूल करा, थोडक्यात सुटाल. ती म्हणाली, न केलेलं कबूल करू कसं? न्यायाधीशानं तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे. मग म्हणाला, ह्या कायद्यात हेतू बघत नाहीत, पदार्थ बघतात. दंड केला. दंडासाठी एक म्हैस गेली, त्याचं तिला एवढं काही वाटलं नाही. पण शिक्षा झालेल्यांची यादी मंडईच्या फळ्यावर लागली आणि त्या यादीत नाव एकच होतं. मंडईतल्या सगळ्या तूपवाल्यांत भेसळ करणारी एकटी बयाबाई. बाकीच्यांचे नमुने घेतलेच नव्हते. घेतले ते पुढं सावध झाल्यावरचे.

आणि मग तिनं पेरलेलं उगवलं. तानाबाईच्या नातवाला कमी दिसायचं, ते जन्मापासूनच. आता तानाबाई मंडईत उभी राहून म्हणाली, "माज्या पोराचं डोळं हिनं खाल्लं. तूच म्हणत हुतीस न्हवं, डोळं जात्यात म्हणून? तुला ठावंच हुतं!"

बयाबाईला बोलता आलं नाही असं मंडईनं पहिल्यांदाच पाहिलं.

गिऱ्हाइकं भांडून तुटली नाहीत. भांडली असती तर बरं, तिला भांडता येत होतं. ती नुसती यायची बंद झाली. समोरून येणारं माणूस ओळखीचं हसून पलीकडच्या कडेनं जायचं. एक दिवस कालिंदी आली, वाटी घेऊन.

"बयाबाई, पावशेर द्या."

बयाबाईचा चेहरा फुलला. ती गाडग्याकडं वळली, मग आठवून पितळीच्या डब्याकडं गेली. "पोरांस्नी म्हणावं, कणी न्हाय ह्याला, पर..."

"पोरांना नाही हो. निरांजनाला हवंय."

बयाबाईचा हात डब्यातच थांबला.

"मास्तर काय म्हणत्यात?"

"ते म्हणतात तुमचं शुद्ध आहे. त्यांना ठाऊकच आहे. पण शेजारपाजार आहे ना... पोरं आजारी पडली काही, तर मलाच बोलतील. देवाला काय, भाव महत्त्वाचा."

नळी ज्याच्या हातात होती त्या माणसाच्या घरात ही गत. बयाबाईनं वाटी भरून दिली.

दूध तर थांबत नाही. म्हशीला कायदा कळत नाही, ती सकाळ-संध्याकाळ कास भरून उभीच. दूध खपेना, लोणी साठलं, लोण्याचं तूप झालं, तुपाचे डबे झाले. आणखी एक म्हैस विकली. उरल्या दोन. तेव्हा एका दुपारी बाळासो दारात आला. बसा म्हणायच्या आधी बसला.

"मावशी, तुझं तूप मी घेतो. सगळं. दर सोमवारी ज्ञानूला धाडतो, डबा दे त्याच्याकडं. मातर गाडगं नगं, पितळीतच ठेव."

"पितळीत ठेवलं की चोख व्हय रे?"

"नळीला चोख."

"मग मीच इकत्ये की चोख!"

"इक की," बाळासो म्हणाला. पानाची पिंक टाकायला उठला, टाकून आला. "कोण घेतंय?"

तिनं त्याला हाकलून दिलं. शिव्या अशा दिल्या की गल्ली बाहेर आली. पुढच्या आठवड्यात तूप खवटायला लागलं; पितळीत ते टिकत नव्हतं. आपलं तूप खवटलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं बोट बुडवून नाकाशी नेलं आणि तशीच भिंतीला टेकून बसली. सोमवारी ज्ञानू हमाल आला, तेव्हा तिनं ताजा डबा उचलून त्याच्या डोक्यावर दिला.

असं वर्ष गेलं. बाळासोच्या दुकानात प्रयोगशाळेचा कागद काचेत मढवून लागला, नमुना शुद्ध. गर्दी वाढली. बयाबाईला एक कोडं पडलं होतं. तिचा डबा आठवड्याला एक, आणि दुकानात तूप जाई पाच-सहा डबे.

"ज्ञानू, माजं तूप जातंय कुटं रे?"

"जाऊ दे की आक्का. तुमास्नी काय करायचंय?"

"वनस्पती घालत आसंल तर नळी लाल हुईल. मग घालतोय काय त्यो?"

ज्ञानूनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. इकडं तिकडं पाहिलं. "माजं नाव घिऊ नगा. चरबी. रातच्याला मिरजंकडनं डबं येत्यात. वासाला तुमचं तूप. नळीला तीळ कळतोय आक्का, ढोर न्हाय कळत."

बयाबाईला समजलं की आपलं तूप आता विकायला घेतच नाहीत, वासाला घेतात. बाळासोच्या चरबीला तूप म्हणवून घ्यायला तिचा हात लागत होता. कचेरीत जावं? काय सांगावं? 'डबा तुम्हीच देता?' कारकून विचारणार. व्हय की. 'वर्षभर?' व्हय. आणि तो लिहिणार, शब्दाला शब्द खरं, आणि तिचाच अंगठा मागणार. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत कालिंदी भेटली. हातात झाकणाचा डबा. जुनी ओळख, सण, थांबली.

"कशा आहात बयाबाई? बऱ्याच दिवसांत..."

"हाय. बरी हाय. डब्यात काय?"

"तूप. उद्या पुरणपोळ्या. सगळे यायचेत." कालिंदी जराशी लाजली आणि मग बरं वाटावं म्हणून बोलून गेली, "राग मानू नका हं, पण बाळासोंकडचं तूप अगदी तुमच्यासारखं असतं. तोच वास. पोरं तर वाटीनं पितात."

पोरं. बयाबाईच्या डिंकाच्या लाडवांवर वाढलेली तीन पोरं. सोवळ्यातलं घर.

"वैनी, त्ये घालू नगा. त्यात चरबी हाय."

कालिंदीनं डबा पोटाशी धरला. "काय?"

"चरबी. ढोराची. देवाशपथ सांगत्ये. माज्या तुपाचा नुसता वास हाय त्याला, बाकी..."

"तुमच्या तुपाचा?"

बयाबाई थबकली. आता मागं जाता येत नव्हतं. "मीच देत्ये त्येला. सोमवारच्या सोमवारी."

कालिंदीच्या तोंडावर आधी भीती दिसली, ती खरी होती. बयाबाईला ती ओळखू आली. पण ती फार वेळ राहिली नाही. ती भीती घेऊन घरी जायचं, डबा ओतून टाकायचा, वर्षभर काय पोटात गेलं त्याचा विचार करायचा. एवढं कोण करणार? रागावणं सोपं.

"त्यांच्या दुकानात सरकारचा कागद लागलाय, बयाबाई. मी स्वतः वाचलाय. तुमच्यावर वेळ आली तेव्हा आम्हाला वाईट वाटलंच. ह्यांनी तर नळी हातात धरली तुमच्यासाठी, पेठेत हसं झालं त्यांचं. पण म्हणून दुसऱ्याच्या मालाला असं... सणासुदीला... शी!"

"वैनी, मास्तरांस्नी इचारा. नळीला फकस्त तीळ कळतोय. मास्तरांनीच सांगितलं हुतं."

"ह्यांना नका आता मधे घेऊ."

ती गेली. डबा पदराखाली घेऊन, भराभर. दोन पावलांवर तानाबाई भाजी मांडून बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती मोठ्यानं म्हणाली, "आता दुसऱ्याला बुडवायला निगाली सटवी." आणि मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली.

दसरा गेला. मास्तरांच्या घरी पंगत झाली, कुणाला काही झालं नाही. चरबीनं कुणी मरत नाही. कळलं नाही तर बाटतही नाही.

सोमवारी ज्ञानू आला. दारात उभा राहिला, आत यायला धजेना. मंडईतलं त्याच्या कानावर गेलं होतं. "आक्का, बाळासोंनी इचारलंय, डबा देतीस का न्हाय."

"रागावलाय?"

"न्हाय. हसत हुतं."

बयाबाई चुलीपाशी बसली होती. तिनं उठून डब्याचं झाकण दाबून बसवलं, बाहेर सांडलेला थेंब पदरानं पुसला, आणि दोन्ही हातांनी डबा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"नीट ने," ती म्हणाली. "ताजं हाय."